शेऱ्याचा रकाना

या, जरा पुढे सरकून बसा. मागच्यांनीही या. पाण्याची गोष्ट आहे, आणि पाणी दारात येईपर्यंत त्याची चाहूल लागत नाही; म्हणून कान जवळ असलेले बरे. एक वही हरवली, एवढीच ही गोष्ट. पण त्या वहीच्या आडोशाला तीनशे घरं होती, आणि घरांच्या पलीकडे समुद्र. शेवटपर्यंत बसलात तर एका माणसाची ओळख करून देईन आणि मग तुमच्याकडे एक मागणं मागेन. कबूल? मग देवाचं नाव घेऊन सुरुवात करू.

१

नदी समुद्राला मिळते तिथे ते शहर होतं. दोन वर्षांपूर्वी एकाच दिवशी वरून नदी फुगून आली आणि खालून उधाणाची भरती चढली. दोघींच्या मधे सापडली खालची आळी. त्यानंतर नदीच्या तोंडावर भरतीचा बांध घालायचं ठरलं. पाण्यात नऊ खांब उभे राहिले, खांबांमधे लोखंडी दरवाजे टांगले गेले. एरवी दरवाजे वर. मोठी भरती आली की खाली. आता बांध तयार होता. येत्या गुरुवारी संध्याकाळी वर्षातलं सर्वांत मोठं उधाण होतं आणि दरवाजे पहिल्यांदा खाली येणार होते.

किती वाजता यायचे, हे मात्र घड्याळ ठरवणार नव्हतं. ते ठरवणार होती एक लाकडी पट्टी.

जुन्या धक्क्यावर पत्र्याची एक खोली होती. आत टेबल, स्टूल, टेलिफोन आणि लोखंडी कपाट. बाहेर पाण्यात उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या, आणि पायऱ्यांशेजारच्या जुन्या लाकडी खांबाला ठोकलेली, फुटांचे आकडे रंगवलेली उंच पट्टी. पाणी किती चढलं हे पट्टी सांगायची आणि पट्टी काय म्हणते हे पट्टीकाका सांगायचे. एकतीस वर्षं, दर भरतीला. बांधाची नवी यंत्रं अजून खोक्यांतच होती. तोवर राज्य काकांच्या पेन्सिलीचं.

आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी, काकांनी कपाट उघडलं आणि ते दाराला हात लावून तसेच उभे राहिले. कुलूप शाबूत होतं. किल्ली दाराआडच्या खिळ्यावर, नेहमीच्या जागी. पेन्सिली होत्या, चष्मा पुसायचं फडकं होतं. वही नव्हती.

"काका, वहीला पाय फुटले का?" बांधाचे मोठे साहेब दारातूनच म्हणाले.

"काल संध्याकाळची भरती लिहून मीच आत ठेवली, साहेब."

"कुलूप तुमचं, किल्ली तुमची. मग चोर कोण, मी?"

काका कपाटाचे खण पुन्हा चाचपू लागले. आणि नेमकी त्याच वेळी खोलीबाहेर एक गाडी थांबली. मोजणीताई उतरल्या. तीस वर्षं जमिनीची मोजणी केलेली बाई. आता मुख्य कचेरीच्या वतीने चौकशीची कामं करायच्या. हाताची वीत बरोबर नऊ इंचांची, म्हणून सवयीने टेबलंसुद्धा वितीने मोजणाऱ्या. आल्या होत्या त्या वही तपासायलाच. पहिल्यांदा दरवाजे पाडण्याआधी दोन वर्षांची वही डोळ्यांखालून घालायची, असा हुकूम सोमवारीच इथे पोचला होता.

"ताई, एवढं काही बिघडलेलं नाही," साहेब घाईने म्हणाले. "काका रोज आकडे टेलिफोनवर सांगतात. सगळे आमच्या कॉम्प्युटरमधे आहेत. ही यादी. पट्टीवर दहा फूट दिसले की आम्ही दरवाजे सोडणार. खाली यायला पाऊण तास. खालच्या आळीचा कठडा अकरा फुटांवर. हिशोब चोख बसतो."

"आणि आधीच सोडले तर?"

"तर नदी कोंडेल. वर तीन दिवस पाऊस आहे. समुद्र बाहेर अडवू आणि आळी आतल्या पाण्याने बुडवू. वेळ साधायची, बाकी काही नाही."

ताईंनी यादी उलटून पाहिली. एकही भरती सुटलेली नव्हती. साहेब सुटकेने हसले, पण ताई पुन्हा पहिल्या पानावर गेल्या. खालच्या आळीत त्यांची सख्खी थोरली बहीण राहत होती, दोन्ही गुडघे धरलेली. आणि जिची नक्कल दुसरीकडे आहे अशी वही कोणी उगाच चोरत नाही.

त्या वहीत असं काय होतं, जे या यादीत नव्हतं?

२

"वहीत रकाने किती, काका?"

खोलीत आता दोघंच होती. काकांनी बोटं मोजली. "पाच. तारीख, वेळ, आकडा, वारा आणि शेरा."

"टेलिफोनवर किती सांगता?"

"पहिले तीन. वारा आधीचे साहेब विचारायचे. शेरा कोणीच कधी विचारला नाही."

"शेऱ्यात काय लिहिता?"

"घडेल ते. धुकं पडलं, होडी आपटली, पक्षी आले. आणि पायऱ्या. पाण्यावर किती पायऱ्या कोरड्या उरल्या ते रोज लिहितो. माझ्या आधीच्या पट्टीवाल्यांनी लावलेली सवय. ते म्हणायचे, लाकडाचं काही सांगता येत नाही, दगडाला साक्षीला ठेव."

ताई पुढे झुकल्या. "पट्टीवर आठ फूट असताना किती पायऱ्या कोरड्या असतात?"

काका ओशाळले. "ते नाही सांगता यायचं. मी लिहितो, बाई, लक्षात ठेवत नाही. लक्षात ठेवायला वही आहे. आणि मागची पानंही वाचत नाही. मागचं वाचलं की डोळ्यांना तेच दिसायला लागतं. जे दिसेल ते लिहायचं, आपली अक्कल मधे घालायची नाही."

"जुन्या वह्या?"

"दोन वर्षांपूर्वीच्या पुरात सगळ्यांचा लगदा झाला. ही पुरानंतरची पहिली."

"दोन वर्षांत एकही दिवस रजा नाही?"

"अकरा दिवस. आठ महिन्यांपूर्वी डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी बांधून घरात पडून होतो. मुलीला विचारा, कुशीवर वळायचीसुद्धा चोरी होती. तेवढे दिवस आपला लाँचवाला यायचा. मजुरांना पलीकडे नेतो ना, तोच. भला माणूस, एक भरती चुकवली नाही. मी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. दिसेल तो आकडा लिही, घडेल तो शेरा लिही."

"आकडा नीट दिसला नाही तर?"

"तर म्हटलं, कालवांकडे बघ. खांबाला चिकटलेले ते शिंपले. त्यांची रेघ जिथे संपते तिथे आठ फूट. माझ्या उभ्या नोकरीत ती रेघ हलली नाही."

बाहेर पाणी खांबाला थपडा मारत होतं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"साहेब म्हणतात, डोळे गेले म्हणून मी घरी बसून आकडे रचले आणि आता वही लपवली. खरं सांगू, बाई? मागच्या उधाणाला मला एकदम वाटलं होतं, की..." ते थांबले.

"की काय?"

"जाऊ द्या. वाटलेलं सांगायचं नसतं."



३

किल्ली कुठे टांगतात हे कोणाकोणाला माहीत होतं, असं ताईंनी विचारत नेलं, तेव्हा उरली तीन माणसं: साहेब, लाँचवाला आणि तांडेल. तांडेल म्हणजे तिथल्या मच्छीमारांचा म्होरक्या. बांध नको म्हणून गेल्या वर्षी भर सभेत ओरडला होता, 'तुमच्या त्या वह्याच बुडवल्या पाहिजेत!'

तो पालथ्या घातलेल्या होडीच्या पोटाला डांबर लावत होता.

"आलात? मला वाटलंच. काही हरवलं की आधी आमची जाळी उचकटायची."

"वही तुम्ही घेतलीत का?"

"मला वाचता येत असतं तर घेतली असती." तो खदखदून हसला आणि मग एकदम गंभीर झाला. "बाई, तुमच्या खांबांनी नदीचा गळा आवळलाय. ओहोटीचं पाणी उतरतच नाही लवकर. आमच्या बायका धक्क्यावरची कालवं खरवडतात. पूर्वी कमरेत वाकून खरवडायच्या, आता उभ्याने. वर्षभरात वर चढलीयत ती. पाणी वर आलंय म्हणून. पण आमचं ऐकतंय कोण!"

"लाँचवाला ऐकत नाही?"

"तो? त्याला स्वतःची लाँच सांभाळता आली तरी पुष्कळ. दोनदा धडकवलीय त्याने. तिसऱ्यांदा धडकली की परवाना जाणार."

साहेबांनी आपल्या खोलीत भिंतीवरचा तक्ता अभिमानाने दाखवला. "ही रेघ बघा. गेले आठ महिने भरती वीतभर कमीच चढतेय. लोक शिव्या देतात, पण नुसते खांब उभे केले तर एवढा गुण आला. दरवाजे अजून बाकीच आहेत."

"मग वही तपासली गेली असती, तर तुमचंच कौतुक झालं असतं."

"नाहीतर काय! मी कशाला चोरू?"

उरला लाँचवाला. चाळिशी ओलांडलेला, हसतमुख, गळ्यात पंचा. त्याने ताईंना हात देऊन लाँचमधे घेतलं, बाकावरचं पाणी स्वतःच्या पंचाने पुसलं. लाँचच्या दोन्ही अंगांना जुनी टायरं पितळी बोल्टांनी आवळलेली होती.

"लोखंडी का नाही लावत?"

"गंजतात, ताई. खाऱ्या पाण्यात पितळच टिकतं."

"काकांची वही शेवटची कधी पाहिलीत?"

"मी? त्या ऑपरेशनच्या वेळी. नंतर कशाला हात लावू? काकांसारखा माणूस नाही, ताई. माझ्या आईला पुरातून काढलं तेव्हा दोराचं एक टोक त्यांच्या हातात होतं." इंजिन खोकललं, त्याने त्याला एक लाथ घातली. "पण आकडे तर ऑफिसात आहेत ना? मग आता पट्टी कशाला तपासताय?"

"कोण म्हणालं मी पट्टी तपासतेय?"

"नाही, म्हणजे... वही. वही म्हणायचं होतं मला."

लाँच पलीकडच्या काठाला लागेपर्यंत तो पुन्हा हसला नाही.

४

संध्याकाळी ताई बहिणीकडे गेल्या. खालच्या आळीत कर्ण्यावरून सांगून झालं होतं: कोणी घर सोडू नये, उद्या दरवाजे वेळेवर पडतील. तरी बायका धान्याचे डबे माळ्यावर चढवतच होत्या. एकीने तर शिवणयंत्र पलंगावर ठेवून त्याला अंथरुणात गुंडाळलं होतं.

"अक्का, उद्या माझ्याबरोबर वर चल."

"आणि हे गुडघे कोण उचलणार, तू? लहानपणी तुला कडेवर घेऊन फिरले ती मी." अक्कांनी पाय चोळत हात झटकला. "शिवाय तुमचे दरवाजे आहेत की. का आहेत तेही नुसतेच चित्रात?"

"आहेत ग."

"मग तुमच्या ऑफिसला म्हणावं, आधी खरं बोलायला शिका. हल्ली फार थापा मारतात."

"कसल्या थापा?"

"अगं, उधाण आलं की आदल्या दिवशी सांगतात ना, उद्या नऊ फूट, उद्या साडेनऊ. पूर्वी नऊ म्हटलं की पाणी गटारातून वर येऊन या खालच्या पायरीला टेकायचं. घड्याळ लावावं असं. मागच्या उधाणाला नंतर जाहीर केलं, पट्टीवर नऊच भरले. आणि इथे बघ, वरच्या पायरीला शेवाळ लागलंय!"

ताई खाली बसल्या. त्यांनी खालच्या पायरीच्या कडेवर अंगठा टेकवला आणि करंगळी वर ताणली. वरच्या पायरीची कड बरोबर करंगळीखाली आली.

एक वीत.

त्यांचा हात तिथेच राहिला. साहेब म्हणतात, आठ महिन्यांत पाणी वीतभर उतरलं. तांडेल म्हणतो, पाणी चढलं. अक्का म्हणते, वीतभर चढलं. तिघांपैकी कोणालाच खोटं बोलून काही मिळणार नव्हतं.

"काय ग, तोंड का असं झालं तुझं?" अक्कांनी विचारलं.

"अक्का, तिघं जण तीन गोष्टी सांगतायत आणि तिघंही खरं बोलत असतील, तर खोटं कोण बोलतंय?"

"चौथा," अक्का म्हणाल्या. "ज्याला कोणी विचारलंच नाही तो."

५

गुरुवारी सकाळी अकराला पूर्ण ओहोटी होती. मोजणीताई चपला हातात धरून धक्क्याच्या निसरड्या पायऱ्या उतरल्या आणि पट्टीच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. त्या चौथ्याला आजवर कोणी प्रश्न विचारला नव्हता. तो खांबावर आपले आकडे मिरवत उभा होता.

कालवांची रेघ संपत होती बरोबर आठच्या आकड्याशी. काकांनी सांगितलं तसंच. ताईंनी नाक जवळ नेलं. खालची कालवं जाडजूड, काळपट, एकावर एक बसलेली, कित्येक वर्षांची. पण ती सव्वासातलाच संपत होती. त्यांच्या वर आठपर्यंत होती ती नखाएवढी, पातळ कडांची. वर्षभराचीही नसतील.

पट्टीचे बोल्ट पितळी होते. त्यामागचा खांब एकतीस वर्षांच्या खिळ्यांनी चाळणी झालेला. जुनी भोकं कोणती, नवी कोणती, हे देवालाच ठाऊक.

साहेबांना टेलिफोन केला तेव्हा ते चिडले. "ताई, शिंपल्यांवरून मी दरवाजे पाडू? पट्टी वीतभर वर सरकली असेल तर मला पट्टीवर सव्वानऊ दिसताच दरवाजे सोडायला हवेत. पण ती सरकली नसेल, तर मी जवळजवळ तासभर आधी नदी कोंडतोय. मग पाणी मागून शिरेल. कोणाच्या शब्दावर करू? तुमच्या बहिणीच्या पायरीवर?"

"मोजून घ्या ना, दगडावर उंची कोरलेल्या पक्क्या खुणेवरून!"

"इथली खूण भरावाखाली गेली. दुसरी सहा मैलांवर आहे. मोजत मोजत यायला दोन दिवस. भरती साडेपाचला आहे."

ताईंनी रिसीव्हर ठेवला. लवकर केलं तरी आळी, उशीर केला तरी आळी. आणि दोन्हीकडे अक्का आपले गुडघे चोळत बसलेली. खरं काय ते एकच वस्तू सांगू शकत होती, आणि ती वस्तू ज्याच्याकडे होती त्याला आजच, पट्टीवर सव्वानऊ भरण्याआधी बोलतं करायचं होतं.

त्यांनी चौघांना निरोप धाडले. तीन वाजता, धक्क्यावर.

६

तीन वाजता पट्टीवर पावणेनऊ फूट होते. पाणी मातकट, घुसळलेलं, वर चढताना खांबाभोवती गुरगुरणारं. साहेब हातातल्या बिनतारी यंत्राशी चाळा करत होते. पलीकडे बांधावरचे लोक त्यांच्या शब्दाची वाट बघत होते. तांडेल धक्क्याच्या कठड्यावर टेकला होता. लाँचवाला दूर, आपल्या दोराशी. काका स्टुलावर, हातात पेन्सिल आणि मांडीवर एक कोरा कागद.

"मला पाच मिनिटं द्या," ताई म्हणाल्या. "वही चोरणाऱ्याला आकडे नको होते, ते ऑफिसात आहेत. वारा कोणाला हवा असतो? राहिला शेरा. शेऱ्यात असं काहीतरी होतं, जे तपासणीत दिसलं असतं. आता दुसरं. साहेबांच्या तक्त्यावर पाणी आठ महिन्यांपूर्वी एकदम वीतभर उतरलं. तांडेल सांगतात, पाणी चढलंय. दोघंही खरे आहेत, कारण पाणी उतरलं नाही, पट्टी वर गेली. आठ महिन्यांपूर्वी ती पडली आणि कोणीतरी ती पुन्हा लावली. एक वीत वर."

"नऊ," काका मधेच म्हणाले आणि कागदावर लिहिलं.

"लावणाऱ्याने उंची कशावरून धरली? कालवांच्या रेघेवरून. आठचा आकडा त्या रेघेला बरोबर भिडवलाय. पण वर्षभरात ती रेघच वर चढली होती. मग कोणी लावली? साहेबांनी लावली असती तर मोजणीच्या दुर्बिणीने उंची धरून. कालवांचा आठाशी संबंध त्यांना ठाऊकच नाही. तांडेलांनी? त्यांच्या घरच्या बायका ती कालवं रोज खरवडतात, रेघ चढल्याचं त्यांनीच मला सांगितलं. ही चूक ते झोपेतसुद्धा करणार नाहीत. काका डोळे बांधून घरी पडले होते. कालवं म्हणजे आठ, एवढंच शिकलेला आणि रेघ सरकल्याचं न कळलेला माणूस एकच. त्याच्याकडे पितळी बोल्ट आहेत. आणि मी वहीचं विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून पट्टी निघाली."

सगळ्यांच्या माना वळल्या. लाँचवाल्याने हातातला दोर टाकला.

"पण मी बरोबर लावली होती!" तो ओरडला. "काकांची शपथ! कंबरभर पाण्यात उभं राहून, रेघेला आठ धरून! केसभरही इकडेतिकडे नाही!"

"रेघ चुकली होती, बाबा," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "तू नाही. इकडे ये. पाण्यात हात घालून बघ, खालची कशी लागतात आणि वरची कशी. वरची कोवळी आहेत."

तो पायऱ्या उतरला. गुडघ्यांपर्यंत पाण्यात उभा राहिला. रेघ केव्हाच बुडाली होती. त्याने हात खाली घालून चाचपलं. जाड शिंपले, मग बारीक, धारदार. बोट कापलं तरी तो चाचपतच राहिला.

"म्हणजे आज दहा होतील तेव्हा..."

"खरे पावणेअकरा फूट झालेले असतील. आणि दरवाज्यांना पाऊण तास लागतो."

"आई," तो म्हणाला. "माझी आई आळीत आहे. मीच तिला म्हटलं, घाबरू नकोस, दरवाजे आहेत."

"नऊ आणि एक बोट," काका म्हणाले.

लाँचवाला धावला. इंजिनावरचं फळकुट उचकटून त्याने आतून मेणकापडात बांधलेली वही काढली आणि काकांच्या पायांशी ठेवली. "धुकं होतं. लाँच पट्टीवर गेली. तिसरी धडक होती, काका. पण तुम्ही म्हणाला होतात, घडेल ते लिही, म्हणून लिहिलं. नंतर तुम्ही मागची पानं वाचली नाहीत, मला वाटलं सुटलो. सोमवारी तपासणीचं ऐकलं आणि... चोर म्हणून तुमच्याकडे बोट दाखवतील, हे डोक्यातच आलं नाही हो."

काकांनी एकतीस वर्षांत पहिल्यांदा मागची पानं उलटली. बोट थांबलं. त्यांनी मोठ्याने वाचलं: "'धुक्यात लाँच लागून पट्टी पडली. कालवांच्या रेघेला आठ धरून परत लावली.'" मग आधीचं पान. "आठ फूट, पायऱ्या सहा कोरड्या. आठ फूट, सहा कोरड्या. आठ, सहा." मग नंतरचं. "आठ फूट, पाच कोरड्या. आठ, पाच. आठ, पाच..." त्यांनी वर पाहिलं. "सगळं लिहिलंय हो मी. दिसलं तसं. मागच्या उधाणाला वाटलंही होतं, पाणी जास्त आहे. पण वाटलेलं लिहायचं नसतं म्हणून बोललो नाही."

ताईंनी पायरीवर हात टेकवून वीत ताणली. एक पायरी, एक वीत.

साहेबांनी वहीकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं. दुसऱ्यांच्या अकलेवर चालायची त्यांना सवय नव्हती. "लेखी आहे," ते पुटपुटले. "दगडाच्या साक्षीनं." आणि यंत्र तोंडाशी नेलं. "सोडा. आत्ता. हो, आत्ताच! सगळे दरवाजे!"

पट्टीवर तेव्हा सव्वानऊ होते.

दूरवर लोखंड कुरकुरलं. पाऊण तास दरवाजे इंचाइंचाने उतरत राहिले. तांडेलाने कधी नव्हे ती डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. दरवाजे टेकले तेव्हा आळीच्या कठड्याला जेमतेम चार बोटं उरली होती. पलीकडे समुद्र साडेपाचपर्यंत चढत राहिला, दरवाज्यांना धडका देत राहिला. अलीकडे नदी वाढली, पण कठडा गाठायच्या आत बाहेरची ओहोटी लागली आणि दरवाजे उचलले गेले. अक्कांच्या घरी पाणी वरची पायरी बुडवून उंबऱ्याला शिवलं आणि परत गेलं. "पाय धुवायला आलं होतं," त्या नंतर म्हणाल्या. "बहिणीच्या ओळखीचं होतं, आत नाही शिरलं."

धक्क्यावर लाँचवाला मान खाली घालून उभा होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहून तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी त्याच्या हातात पेन्सिल दिली.

"आजचा शेरा तू लिही."

कापलेल्या बोटाचं रक्त कागदाला लागलं. त्याने लिहिलं: 'पट्टी वीतभर वर होती. मी लावली होती. आज कळलं.' काकांनी वाचलं, खाली आपली सही केली आणि सहीनंतर, जन्मात पहिल्यांदा, स्वतःला वाटलेलं एक वाक्य लिहिलं: 'माणूस भला आहे.'

परवान्याच्या चौकशीत ते पान पुढे आलं. सहा महिने लाँच काठाला बांधलेली राहिली, पण परवाना गेला नाही.

आता त्या धक्क्यावर यंत्र आहे. आकडे आपोआप जातात. काका पुढच्या वर्षी घरी बसले आणि त्याच्या पुढच्या वर्षी देवाघरी गेले. यंत्राला शेऱ्याचा रकाना नाही.

म्हणून मागणं एवढंच. कधी भरून आलेलं पाणी पायरी पायरीने उतरताना पाहाल, तेव्हा घटकाभर थांबा. कोरड्या पायऱ्या मोजा. आणि कोणी विचारत नसताना एकतीस वर्षं त्या मोजून ठेवणाऱ्या पट्टीकाकांची आठवण काढा.